चतुराबाईंना विचारलं तेव्हा

दवाखान्याचा फोन आला तेव्हा तातेराव हळद शिजवायच्या कुकरजवळ उभे होते. भाड्यानं आणलेलं ते यंत्र भसाभसा वाफ सोडत होतं. त्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून ते फोन कानाला लावूनच बांधाकडं सरकले. पलीकडून एक बाई गोड आवाजात बोलत होती. तातेरावांनी मधेच "कोन बोलून राहिलं?" असं विचारलं तरी ती थांबली नाही, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आवाज भरून ठेवलेला आहे. आपण नुकतीच सरकारी रुग्णालयात सेवा घेतली आहे, आपण समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. तातेरावांनी एक दाबला आणि फोन खिशात टाकला.

त्यांची बायको चतुराबाई जरा अंतरावर शिजलेली हळद ताडपत्रीवर पसरत होत्या.

"कोनाचा व्हता?"

"दवाखान्याचा. बरं वाटलं का, म्हणून इचारून राहिले."

"मंग?"

"सांगितलं, समदं चांगलं हाय म्हणून."

चतुराबाईंनी हातातली हळकुंडं पसरली, मग अंगाचा भार एका हातावर देऊन सावकाश उठल्या. "दुखनं माझं," त्या म्हणाल्या, "अन् समाधान तुमचं."

तातेराव हसले. त्यांना ती थट्टा वाटली. कुकर उघडायची वेळ झाली होती, त्यामुळं बोलणं तिथंच राहिलं.

त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. हट्ट्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की त्यांचं गाव लागतं. तिथून ते आणि त्यांचा मुलगा सोमेश्वर चतुराबाईंना घेऊन सरकारी दवाखान्यात गेले होते. दवाखाना स्वच्छ होता. बसायला खुर्च्या होत्या, पंखा चालू होता, प्यायचं पाणी थंड होतं. केसपेपर लवकर निघाला. डॉक्टर तरुण होता, 'बसा बाबा' म्हणाला. गोळ्या आणि मलम तिथंच मिळालं. तातेराव चार दिवस गावात सांगत होते की सरकारी दवाखाना आता पहिल्यासारखा राहिला नाही, माणसानं जाऊन बघावं.

चतुराबाईंना मात्र त्या खोलीतलं दुसरंच आठवत होतं. दार सताड उघडं होतं आणि पुढच्या नंबरची माणसं चौकटीत उभी होती. डॉक्टरनं केसपेपरवर लिहिता लिहिता विचारलं, "काय होतंय?" तातेराव म्हणाले, "कंबर दुखती तिची." डॉक्टरनं विचारलं, "कधीपासून?" सोमेश्वर म्हणाला, "दिवाळीपासून." डॉक्टरनं विचारलं, "लघवीचा वगैरे काही त्रास?" त्यावर तातेराव लगेच म्हणाले, "न्हाई न्हाई, तसलं काही न्हाई." चतुराबाई मांडीवरची पिशवी धरून बसल्या होत्या. एकदा त्यांनी तोंड उघडलं होतं, पण तेवढ्यात दारातला एक माणूस त्यांच्याकडंच बघतोय हे दिसलं आणि त्यांनी ते मिटलं.

फोन येऊन गेल्यावर आठवडाभरानं एक मुलगी स्कूटीवरून घरी आली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, तोंडाला रुमाल बांधलेला. रुमाल सोडून तिनं नमस्कार केला आणि सांगितलं की ती शितल राठोड, दवाखान्याकडून रुग्ण समाधानाचं सर्वेक्षण करायला आलीय. ज्यांनी फोनवर उत्तरं दिली त्यांतल्या काहींना घरी जाऊन भेटायचं असतं.

तातेरावांना आनंद झाला. त्यांनी ओसरीवर खुर्ची टाकली, सुनेला चहा टाकायला सांगितलं आणि स्वतः समोर बसले. शितलनं टॅब काढला.

"काका, दवाखान्यातली स्वच्छता कशी वाटली?"

"एक नंबर."

"औषधं सगळी मिळाली?"

"बराबर मिळाली. भायेरून काहीच आनावं लागलं न्हाई."

"कर्मचाऱ्यांची वागणूक?"

"चांगली. तकलीफ कशाचीच झाली न्हाई."

शितल एकेका उत्तरावर बोट टेकवत गेली. असंच होत होतं. गेल्या दोन महिन्यांत ती जिथं जिथं गेली तिथं सगळं चांगलं होतं. सुरुवातीला तिला बरं वाटलं होतं. हळूहळू तिला जाणवायला लागलं होतं की ती ज्यांच्याशी बोलते ते बहुतेक वेळा आजारी नसतातच. तिनं टॅबवर पेशंटचं नाव पाहिलं.

"काका, चतुराबाई तुमच्या कोण?"

"मालकीन."

"त्या आहेत का घरी?"

"हाय की. मागं हळद निवडून राहिली. पन तिला काय इचारायचं? मी व्हतो ना संगं."

"दोन प्रश्न त्यांना विचारते. विचारावेच लागतात."

तातेराव उठायला लागले तशी शितल म्हणाली, "तुम्ही बसा काका. मी जाते मागं." आणि त्यांनी काही म्हणायच्या आत ती गेलीसुद्धा.

घरामागच्या अंगणात हळद वाळत घातली होती. चतुराबाई एका लाकडी पाटावर बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत होत्या. शितल जवळच जमिनीवर बसली आणि तीही हळकुंडं उचलायला लागली.

"तुज्या हाताला रंग लागंल," चतुराबाई म्हणाल्या.

"लागू द्या. आमच्या तांड्यावर पण हाय हळद."

"कोन्ता तांडा?" मग तांड्याचं नाव, बापाचं नाव, कुणाची कोण हे सगळं झालं. शितलचे वडील वसराम यांना तातेराव ओळखत असतील असं निघालं. मग शितलनं टॅबवरचा प्रश्न वाचला.

"मावशी, डॉक्टरांनी तुमचं म्हणणं नीट ऐकून घेतलं का?"

"माझं?"

"व्हय, तुमचं."

"मी बोललेच न्हाई, तर ऐकतील कसं?"

शितलनं टॅबकडं पाहिलं. 'पूर्ण समाधानी', 'समाधानी', 'सांगता येत नाही', 'असमाधानी'. यातलं कशावर बोट ठेवायचं ते तिला कळेना. तिनं टॅब बंद करून सॅकमध्ये टाकला.

"मग आता सांगा. मी डॉक्टर न्हाई, पण मला सांगा."

चतुराबाईंनी घराच्या मागच्या दाराकडं पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. तरी त्यांनी आणखी चार हळकुंडं निवडली. ओसरीवरून तातेरावांचा आवाज येत होता, ते सुनेला चहात साखर जास्त टाकायला सांगत होते.

"कंबर दुखती हे खोटं न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "पन मी कंबरंसाठी गेले न्हवते, बाई. माझं अंग भायेर येतंय."

"कधीपासून?"

"लई झालं. मागल्या साली हळदीच्या बेन्याचे घमेले उचलले तवापासून जास्त झालं. वझं उचललं, खोकलं, की खाली उतरतंय. हातानं आत सारावं लागतं. लघवी धरवत न्हाई. लग्नाकार्याला जायचं म्हनलं की मी तब्येतीचं कारन सांगते, अन् घरच्यांना वाटतं कंबर." हे सगळं त्या हळकुंडांकडं पाहत बोलल्या. आवाज कुठंही कापला नाही. बोलून झाल्यावर मात्र त्यांनी मोठा श्वास सोडला. "सोमूसमोर कसं बोलावं? पोटचं लेकरू हाय. अन् त्यो डाक्टर बी सोमूच्याच वयाचा."

"काकांना माहीत हाय?"

"न्हाई."

शिकताना या दुखण्याचं नाव तिनं ऐकलं होतं, यावर उपाय असतो एवढंही ठाऊक होतं. तिनं तेवढंच सांगितलं. "मावशी, हे बरं होतं. लई बायांना होतं. दर गुरुवारी हिंगोलीहून एक बाई डॉक्टर येतात आमच्याकडं. तुम्ही या. खोलीत तुम्ही अन् त्या, तिसरं कुणी न्हाई. ते मी बघते."

"तू कुनाला सांगशील का?"

"तुमचं नाव कुठंच जाणार न्हाई."

त्या संध्याकाळी तांड्यावर परत गेल्यावर शितलनं भाकरी थापत बसलेल्या आपल्या आईला, मोतीबाईला, विचारलं, "तू दवाखान्यात गेलीस की डॉक्टरशी कोण बोलतं?" मोतीबाई गोरमाटीत, बंजारा बोलीत, म्हणाली, "तुझा बाप. मला कुठं येतं तसलं बोलायला?" आणि दुसरी भाकरी हातावर घेतली.

दवाखान्याचे प्रमुख डॉ. रत्नपाल शांत स्वभावाचे होते, पण त्यांच्या डोक्याला ताप बरेच होते. तीन-चार महिन्यांत तपासणीचं पथक येणार होतं. त्यात रुग्ण समाधानाची टक्केवारी बघणार होते, आणि ती सध्या जिल्ह्यात चांगल्यांत मोडत असल्यानं बक्षिसाची आशा होती. शितल त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, आपण समाधान पेशंटचं मोजतच न्हाई. नातेवाइकांचं मोजतोय."

त्यांनी तिला बसायला सांगितलं. तिनं नाव न घेता सांगितलं की घरच्यांसमोर विचारलं तर बाया 'चांगलं' म्हणतात, एकट्या भेटल्या की वेगळं बोलतात, आणि काही जणींचं खरं दुखणं आपल्या केसपेपरवर आलेलंच नाही.

"तुझं बरोबर असेल," डॉक्टर म्हणाले. "पण ओपीडीत गर्दी बघितलीस? प्रत्येकीला एकटीला बसवायचं म्हटलं तर दुपारपर्यंत अर्धी लाइनसुद्धा होणार नाही. आणि तू अशी एकेकीला बाजूला घेऊन विचारायला लागलीस तर टक्केवारी खाली येईल. पथक काय म्हणेल?"

"सर, खाली येईल. पण मग ती खरी असेल."

डॉक्टरांनी समोरचे कागद पुढं ओढले. शितलला वाटलं विषय संपला. ती बाहेर आली आणि व्हरांड्यात उभी राहून पाणी प्यायली.

पण दुसऱ्या दिवशी ओपीडीतला तरुण डॉक्टर रजेवर होता म्हणून रत्नपाल स्वतः तिथं बसले. पहिलीच एक नवी नवरी आली. त्यांनी तिला विचारलं, "काय त्रास होतोय?" उत्तर तिच्या सासूनं दिलं. नंतर एक म्हातारी आली, तिचं उत्तर नातवानं दिलं. मग एका बाईचं नवऱ्यानं, एकीचं भावानं. डॉक्टर प्रश्न बाईकडं बघून विचारत होते आणि उत्तर भलतीकडून येत होतं. इतकी वर्षं हे असंच चाललं असणार आणि आपल्याला ते खटकलंही नाही, याचं त्यांना नवल वाटलं. साडेअकराच्या सुमाराला एका बाईच्या नवऱ्याला ते म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

"का बरं? मी नवरा हाय तिचा."

"म्हणूनच म्हणतो. दोनच मिनिटं."

नवरा कुरकुरत बाहेर गेला. दार लोटून घेतल्यावर ती बाई जे बोलली त्यानं डॉक्टरांना आधी लिहिलेलं सगळं खोडून केसपेपर नव्यानं लिहावा लागला.

दुपारी त्यांनी रूपाबाईंना बोलावलं. रूपाबाई तिथल्या जुन्या सिस्टर. डॉक्टरांनी विचारलं, "बायांसाठी वेगळी बसायला जागा करता येईल का?"

"इंजेक्शनच्या खोलीशेजारची छोटी खोली हाय की सर. रिकामे खोके ठेवलेत तिथं. उद्या काढून घेते." मग त्या म्हणाल्या, "अन् सुरुवातीचं इचारायला मीच बसते. आमच्याशी बोलतात बाया."

असं ते सुरू झालं. गाजावाजा काही झाला नाही. काही नातेवाईक वैतागले, एकानं तर 'आमच्या घरच्या बायांना काय शिकवून राहिले' म्हणून आवाज चढवला. रूपाबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि बसवून ठेवलं.

इकडं चतुराबाईंचं दोन गुरुवार जाणंच झालं नाही. हळद पॉलिशला जायची होती, घरात पाहुणे होते. खरं कारण वेगळं होतं. दवाखान्यात जायचं म्हणजे कुणीतरी न्यायला हवं, आणि न्यायचं म्हणजे सांगायला हवं. शेवटी एका सकाळी सोमेश्वर आणि सून शेतात गेलेले असताना त्या तातेरावांसमोर बसल्या.

"मला परत दवाखान्यात जायचं हाय."

"गोळ्या सरल्या का?"

"गोळ्यांनी हे जात न्हाई. दुखनं येगळं हाय." आणि त्यांनी सांगितलं. जसं शितलला सांगितलं तसंच, खाली बघून, एकेक शब्द.

तातेराव ऐकत राहिले. मधे काही बोलले नाहीत, ही त्यांची सवय नव्हती. त्यांचा चेहरा उतरला.

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुमाला सांगितलं म्हंजे गावाला सांगितलं. माझी दाढ दुखून राहिली व्हती तवा पारावर समद्यांना ठाऊक. येक जन तर लवंग घिऊन आला घरी."

तातेरावांना यावर रागवावंसं वाटलं, पण रागावता येईना, कारण लवंग खरंच आली होती. ते उठून अंगणात गेले. वाळलेल्या हळदीवर उगाच दाताळं फिरवत राहिले. त्यांना ते डॉक्टरसमोर बोललेले शब्द आठवले, 'तसलं काही न्हाई'. इतक्या खात्रीनं आपण कसं बोललो? ती शेजारीच बसली होती. मान वळवून विचारायला किती वेळ लागला असता?

आत येऊन ते म्हणाले, "कवा जायचं?"

"गुरुवारी. बाई डाक्टर असत्यात."

"सोमूला?"

"त्याला कशाला? आपन दोघं एसटीनं जाऊ."

गुरुवारी तातेरावांनी धुतलेला पटका बांधला. दवाखान्यात पोचल्यावर केसपेपर काढला आणि सवयीनं ते चतुराबाईंच्या मागोमाग खोलीकडं निघाले. दाराशी रूपाबाई होत्या. त्या काही म्हणायच्या आतच तातेराव थांबले आणि वळून बाकावर जाऊन बसले.

तिथं बसणं त्यांना जड गेलं. बाकावर शेजारी शिरड शहापूरचा एक माणूस बसला होता, नातीला ताप आला म्हणून आलेला. थोड्या वेळात दोघांची ओळख निघाली, पीकपाण्याचं बोलून झालं, मग त्यानं विचारलं, "मालकिनीला काय झालं?"

तातेरावांच्या तोंडात शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. "ती सांगून राहिली आत," ते म्हणाले. "तिचं तिला ठाऊक."

त्या माणसानं त्यांच्याकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं आणि हळदीच्या भावाचं बोलायला लागला.

आत बाई डॉक्टरांनी चतुराबाईंना तपासलं. हात धुऊन त्या समोर स्टूल घेऊन बसल्या. गर्भपिशवी खाली सरकलीय, त्यांनी सांगितलं, घाबरायचं कारण नाही. आत्ता एक रिंग बसवता येईल, ती पिशवीला आधार देते. दर काही महिन्यांनी येऊन ती धुऊन, तपासून घ्यायची. कायमचं हवं असेल तर ऑपरेशन, ते मोठ्या दवाखान्यात. वजन उचलणं मात्र आजपासून बंद.

"दोन्हीतलं काय करायचं, ते तुम्ही ठरवा."

चतुराबाईंनी दाराकडं पाहिलं. "त्यांना बोलावू का आत?"

"तुम्हाला बोलवायचं असेल तर बोलवा. ठरवायचं तुम्हालाच आहे."

चतुराबाईंनी थोडा विचार केला. "आज रिंग बसवा," त्या म्हणाल्या. "अप्रेशनचं मी उन्हाळा सरला की सांगते."

बाहेर आल्या तेव्हा तातेराव उभे राहिले. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. एसटी स्टँडवर उसाचा रस पिताना चतुराबाईंनीच सगळं सांगितलं, रिंग कशी असते इथपासून. तातेराव मान हलवत ऐकत होते. घरी येताना चतुराबाईंच्या हातातली कापडी पिशवी त्यांनी घेतली होती आणि गावात कुणी बघतंय की नाही याची त्यांना फिकीर नव्हती.

पुढच्या तिमाहीत दवाखान्याची टक्केवारी घसरली, आणि बरीच घसरली. तपासणी पथकानं कारण विचारलं. डॉ. रत्नपालांनी सांगितलं की आम्ही पेशंटला एकट्यानं विचारायला लागलो. पथकातल्या एका बाईंनी ते लिहून घेतलं, एका साहेबांनी नाक मुरडलं. बक्षीस दुसऱ्या दवाखान्याला गेलं. शितलची नोकरी कंत्राटी होती; ते कंत्राट पुढं वाढलं का, हे तिला बरेच दिवस कुणी सांगितलं नाही. मग एक दिवस आदेश आला, वाढलं होतं. गुरुवारच्या छोट्या खोलीसमोरची रांग मात्र एवढी वाढली की रूपाबाईंना बाहेर आणखी एक बाक टाकावा लागला. त्या रांगेत चतुराबाईंच्या गावच्या दोघीजणी होत्या. त्यांना चतुराबाईंनीच पाठवलं होतं, विहिरीवर धुणं धुताना सगळं समजावून सांगून.

उन्हाळा उतरणीला लागल्यावर चतुराबाईंनी ऑपरेशनचं मनावर घेतलं. त्याआधी त्यांना नरसीला जाऊन नामदेवांचं दर्शन घ्यायचं होतं. दोघं सकाळच्या गाडीनं गेले. दर्शन झालं, प्रसाद घेतला, आणि मग दोघं कयाधूच्या काठानं चालत निघाले. नदीला पाणी थोडंच होतं. काठावरच्या लिंबाखाली सावली चांगली होती.

"बसायचं का?" तातेरावांनी विचारलं आणि ते उत्तराची वाट बघत उभे राहिले.

"न्हाई," चतुराबाई म्हणाल्या. "त्या वळनापतूर जाऊ."

त्या पुढं चालायला लागल्या. तातेरावांनी चपला हातात घेतल्या आणि वाळूतून त्यांच्या बरोबरीनं चालत राहिले.